पुढचे पान कोणी उघडायचे?

भिवंडीजवळच्या अंजूरमध्ये अध्यक्षीय भाषणाला उभ्या राहिलेल्या माणसाला गंगाजी नाईकांचे नाव घेतल्याशिवाय गाव खाली बसू देत नाही. रीत आहे, आणि रास्तही आहे. वसईची मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली, मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, एवढे सगळ्यांना पाठ असते. पण ती मोहीम व्हावी म्हणून खटपट करणारे, साष्टी-वसईच्या मुलखाची खडान्‌खडा माहिती असणारे गंगाजींसह सगळे अंजूरकर नाईक बंधू वर्गात आलेच तर एखाद्या वाक्यापुरते येतात. प्रस्तुत वक्त्यानेही नोकरीची कैक वर्षे ते वाक्य त्याच वेगाने उरकले. कारण सरळ होते, त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही. प्रश्न येत नाही तो मजकूर विद्यार्थी ओलांडून जातात आणि शिक्षकही. आजचा विषय या ओलांडून जाण्याचाच आहे.

पत्रिकेवर तो जरा जडच छापला गेला आहे: ‘ऑनलाइन अभ्यासक्रमातील विद्यार्थी-प्रगतीचे नियंत्रण’. चहाच्या टपरीवर तोच विषय एका वाक्यात मावतो. पहिला धडा झाल्याशिवाय दुसरा उघडू द्यायचा की नाही, आणि ‘झाला’ हे कोणी ठरवायचे?

या मांडवातल्या बहुतेक शिक्षकांनी हे कुलूप आतूनही पाहिले आहे आणि बाहेरूनही. विद्यार्थ्यांसाठी चाचण्या तयार करणारे हेच हात ऑक्टोबर २०२० पासून ‘दीक्षा’ अ‍ॅपवर ‘निष्ठा’ या शिक्षक-प्रशिक्षणाचे धडे पूर्ण करत होते. मग १ जून २०२२ पासून वरिष्ठ आणि निवड श्रेणीचे प्रशिक्षण ऑनलाइन आले. बारा वर्षे झालेले आणि चोवीस वर्षे झालेले असे राज्यातले ९० हजारांहून अधिक शिक्षक एकाच वेळी इन्फोसिस स्प्रिंगबोर्डवर विद्यार्थी झाले. हे प्रशिक्षण पूर्ण होणे वेतनश्रेणीच्या अटींत बसलेले होते. महाराष्ट्रात अभ्यासक्रमाच्या मजकुरावरून इतक्या मोठ्या जमावाची प्रगती मोजली गेल्याची, आणि ते मोजमाप थेट पगाराला भिडल्याची, दुसरी उदाहरणे फार सापडणार नाहीत.

त्या दिवसांतले एका घरातले दृश्य इथे सांगायला हरकत नाही. घर वक्त्याचेच आहे. ओट्यावर पिठाचा डबा, डब्याला टेकवलेला मोबाइल, मोबाइलवर समावेशक शिक्षणाचा व्हिडिओ. तव्यावर भाकरी. आवाज बंद, कारण शेजारच्या खोलीत धाकट्याचा तास चालू. पडदा काळा पडू लागला की पीठ लागलेल्या बोटांऐवजी कोपराने त्याला जागे करायचे. व्हिडिओ संपला, हिरवी खूण आली. त्याच सुमारास शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश टपकला: १-ब, २-ड, ३-अ, ४-ब. खाली सत्तावीस नमस्कार आणि अकरा गुलाबाची फुले. त्या संध्याकाळी त्या घरात समावेशक शिक्षणाबद्दल कोणाला काय समजले, हे भाकरीला विचारावे.

यात आळस होता, हे कबूल. पण जो शिक्षक वर्गात ‘पाठ करून आलास, समजून घेतले नाहीस’ म्हणून मुलाला बसवून ठेवतो, तोच शिक्षक घरी हिरव्या खुणेच्या मागे धावला, याचे कारण फक्त आळस नाही. कुलूप कशावर टांगले आहे, ते विद्यार्थी पहिल्या दहा मिनिटांत ओळखतो. व्हिडिओच्या लांबीवर टांगले असेल तर तो व्हिडिओ चालू ठेवतो. पान उघडण्यावर टांगले असेल तर पान उघडतो आणि मिटतो. मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीवर धडा लावणाऱ्यांना हे ठाऊकच असेल: ‘पाहिले की पूर्ण’ अशी अट लावली, तर चाळीस पानांची पीडीएफ नुसती उघडली तरी पूर्ण होते. संगणक खोटे बोलत नाही. त्याला जे विचारले त्याचेच उत्तर तो देतो.

ऑनलाइन धडे वेगवेगळ्या यंत्रणांवर चालावेत म्हणून ‘स्कॉर्म’ नावाचे एक प्रमाणक अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने तयार झाले. त्याच्या २००१ च्या आवृत्तीत विद्यार्थ्याच्या स्थितीसाठी एकच रकाना होता. पूर्ण, अपूर्ण, उत्तीर्ण, अनुत्तीर्ण यांसारखा एकच शब्द त्यात बसायचा. म्हणजे मूल धड्याच्या शेवटपर्यंत पोचले पण नापास झाले, तर लिहायचे काय? २००४ च्या आवृत्तीत रकाने दोन झाले, संपवले की नाही हे एकात आणि जमले की नाही हे दुसऱ्यात. एवढ्याशा दुरुस्तीला दोन वर्षांहून जास्त काळ लागला. आपल्याकडे प्रगतिपुस्तकात ‘हजर दिवस’ आणि ‘गुण’ हे रकाने आजोबांच्या काळापासून वेगळे आहेत, हे त्या मंडळींना कोणी तरी आधी सांगायला हवे होते.

यंत्राने पान अडवून धरण्याची कल्पना मात्र संगणकाहून जुनी. ओहायो स्टेट विद्यापीठात सिडनी प्रेसी या मानसशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात चार कळांची एक पेटी बनवली. बरोबर कळ दाबल्याशिवाय पुढचा प्रश्न खिडकीत यायचाच नाही, असा खटका तिच्यात लावता येई. पुढे १९५३ मध्ये बी. एफ. स्किनर मुलीच्या शाळेत पालक म्हणून गणिताच्या तासाला बसले. काही मुलांची उदाहरणे संपून ती चुळबुळत होती, काही पहिल्यावरच अडली होती, आणि बरोबर की चूक हे कोणालाच त्या क्षणी कळत नव्हते. त्यातून त्यांची शिकवणारी यंत्रे आली, मजकुराचे बारीक बारीक तुकडे आणि प्रत्येक तुकड्यानंतर लगेच निकाल. आजच्या अ‍ॅपमधली हिरवी खूण त्या पेटीची नात आहे.

यापेक्षा फ्रेड केलर या स्किनर यांच्या मित्राची गोष्ट आज जास्त उपयोगाची. त्याने विद्यापीठाच्या वर्गात घटक-घटक करून शिकण्याची पद्धत आणली. ज्याने त्याने आपल्या गतीने वाचायचे, घटकावर पक्की पकड दाखवली की पुढचा घटक मिळणार, नाही जमले तर पुन्हा परीक्षा, आणि आधी नापास झाल्याबद्दल दंड नाही. त्यावरच्या त्याच्या १९६८ च्या लेखाचे शीर्षक होते ‘गुडबाय, टीचर’. शीर्षक वाचून कोणी घाबरू नये. केलरच्या वर्गात व्याख्याने कमी झाली, माणसे वाढली. प्रत्येक चाचणी तो घटक आधी पार केलेला विद्यार्थी समोरासमोर बसून तिथल्या तिथे तपासत असे, आणि उत्तर चुकले तर ‘तुला काय म्हणायचे होते?’ असे विचारत असे. पद्धतीतून हा प्रश्न गळला की उरते ती प्रेसीची पेटी.

आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेला केलरच्या पद्धतीत फारसे नवल वाटले नसते. तिथे इयत्ता नव्हती. एक मूल धूळपाटीवर अक्षरे गिरवते आहे, दुसरे पाढ्यांत आहे, तिसरे मोडीत पत्राचा मायना लिहिते आहे, आणि मोठा मुलगा लहानाचा हात धरून गिरवून घेतो आहे. वाळूत लिहिणे आणि मुलाने मुलाला शिकवणे हे अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास भागात पाहिले, तिथल्या अनाथाश्रमात लावले आणि इंग्लंडला नेले. पंतोजींच्या छडीचे गोडवे गाण्याचा इथे हेतू नाही, आणि त्या शाळेच्या दाराबाहेर कोण कोण राहिले होते हेही विसरायचे नाही. मुद्दा फक्त गतीचा. सगळ्यांनी जूनमध्ये एका पानावर सुरुवात करून एप्रिलमध्ये एकाच पानावर थांबायचे, ही रीत नंतरची. ऑनलाइन अभ्यासक्रम ती मोडू शकतो, म्हणून त्याचे अप्रूप. आणि आपण काय केले? इयत्तेची भिंत होती ती तशीच ठेवून प्रत्येक पानाला एकेक दार बसवले.

अडवावे कसे, हे शेजारच्या भिवंडीत पाहायला मिळते. अंजूरफाट्यावरून तिथे शिरणाऱ्याला पूर्वी आधी आवाज ऐकू यायचा, मग शहर दिसायचे. आता वाटेत गोदामे लागतात, पण गल्ल्यांतून यंत्रमागाची खटखट अजून आहे. साध्या मागावर काट्याच्या आकाराची एक छोटीशी योजना असते. धोटा पलीकडे जाताना बाण्याचा धागा टाकतो. तो धागा जागेवर असला तर काटा झुकतो आणि माग चालत राहतो. धागा तुटला किंवा कांडी संपली, तर काटा झुकत नाही, खटका बसतो, माग थांबतो. मग कारागीर येतो, कांडी बदलतो, कापडात फट पडली आहे का ते अंगठ्याने चाचपतो, लागले तर माग थोडा मागे घेतो आणि चालू करतो. एकच कारागीर चार-सहा माग सांभाळत असतो. प्रत्येकाकडे डोळे लावून बसणे त्याला शक्य नाही, म्हणून तो काटा. थांबलेल्या मागाकडे त्याला जाता यावे, म्हणून बाकीचे आपापले चालतात.

ऑनलाइन धड्यातले कुलूप हा असा काटा असायला हवा, असे प्रस्तुत वक्त्याचे स्पष्ट मत आहे. ते विद्यार्थ्याला थांबवते ते शिक्षकाने त्याच्याकडे यावे म्हणून. आपण मात्र काटे बसवले आणि कारागिराला घरी पाठवले. मूल थांबले आहे, आणि ते थांबले आहे हे त्याच्याखेरीज कोणाला माहीत नाही.

हे मत पुस्तकातून आलेले नाही, फजितीतून आले आहे. काही वर्षांपूर्वी वक्त्याने चौथीच्या मुलांसाठी हातच्याच्या वजाबाकीचा एक छोटा अभ्यासक्रम मूडलवर बांधला. चौदा तुकडे. उत्साह एवढा की प्रत्येक तुकड्यावर अट: आधीच्यात पूर्ण गुण मिळाल्याशिवाय पुढचा उघडणार नाही. अटींच्या शेजारी डोळ्याचे एक चिन्ह असते. डोळा उघडा ठेवला तर बंद धडा फिकट दिसतो आणि तो कशाने उघडेल हे खाली लिहून येते. डोळा मिटला तर तो धडा मुलाच्या पडद्यावरून नाहीसाच होतो. पडदा सुटसुटीत दिसावा म्हणून वक्त्याने डोळे मिटले.

पंधरा दिवसांनी अहवाल काढला तर एका मुलीची रांग सहाव्या तुकड्यावर थांबलेली. वर्गात तीच मुलगी फळ्यावर येऊन तीन अंकी वजाबाकी सोडवत होती. तिला विचारले तर म्हणाली, “सर, माझा कोर्स संपला ना. पुढे काहीच नाही.” मोबाइल पाहिला. सहाव्या चाचणीतल्या रिकाम्या चौकटीत तिने ४७ असे लिहिले होते. घरचा कळफलक मराठी होता, म्हणून देवनागरी आकडे. सरांनी उत्तर भरताना इंग्रजी कळफलक वापरला होता, आणि दुसरे रूप चालेल असे सांगायचे राहून गेले होते. तिने एकच उत्तर अकरा वेळा दिले होते. अकराही वेळा बरोबर, अकराही वेळा चूक. एका मराठी शाळेत, मराठी अंकांत दिलेल्या बरोबर उत्तराला मराठीच्याच शिक्षकाने नापास केले होते, आणि वर पुढचे धडे लपवून ठेवले होते.

तिने तक्रार का केली नाही, असा प्रश्न तेव्हा शिक्षकांच्या खोलीत निघाला. वर्गात चूक झाली तर मूल बाईंच्या चेहऱ्याकडे पाहते. लाल फुलीकडे पाहून कोणाला विचारायचे?

अशी खोटी कुलपे नेहमी तंत्रातच असतात असे नाही, मजकुरातही असतात. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितातल्या संख्यावाचनावरून जो गदारोळ झाला तो अनेकांना आठवत असेल. ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’, ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’. विनोद झाले, अग्रलेख झाले, विधिमंडळात पडसाद उमटले. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जुनी पद्धत काढलेली नाही. लिहिताना आधी सहा, मग तीन. बोलताना आधी तीन, मग साठ. त्यात जोडाक्षरे. या उलट-सुलट नावांत अडकलेले मूल गणितात कच्चे ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. ‘वीस एक’ कानाला खटकते, हे वक्त्यालाही मान्य. पण नारळीकरबाईंनी बोट ठेवलेली जागा अचूक होती. संख्येची जाण असलेले मूल संख्येच्या नावापाशी थांबत होते. भाषेचे कुलूप गणिताच्या दारावर लागले होते. भिवंडीत ज्यांच्या घरी उर्दू, तेलुगू किंवा हिंदी बोलली जाते, आणि अंजूरच्या आगरी घरांतही, अशी मुले ज्या शाळांत आहेत तिथल्या शिक्षकांना हे जास्त फोडून सांगायला नको.

उलटी उदाहरणेही याच परिसरात आहेत. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडची कातकरी, वारली कुटुंबे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांचे शाळेचे वर्ष मधोमध तुटते. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने १९९० च्या दशकात भट्टीवरच्या झोपडीला, म्हणजे भोंग्याला लागूनच शाळा उभी केली. तिचे नावच भोंगा शाळा पडले. मूल शाळेपर्यंत येत नाही, तर शाळा भट्टीवर. पुढे सरकारने स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आणले. मूल कोणत्या शाळेत, कोणत्या इयत्तेत होते हे त्या कागदावर असते, आणि तो दाखवला की नव्या गावच्या शाळेने त्याला बसवून घ्यायचे. हीसुद्धा विद्यार्थ्याच्या प्रगतीची नोंदच आहे. फरक इतकाच की ती नोंद दार उघडण्यासाठी केलेली आहे. आपल्या सर्व्हरवरच्या नोंदींपैकी किती नोंदी दार उघडतात, हे दुपारच्या सत्रात मोजायला हवे.

काही ठिकाणी सरकारी यंत्रणेनेही शहाणपणा दाखवला आहे. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था चालवतात त्या एनपीटेलच्या अभ्यासक्रमांत दर आठवड्याला मजकूर खुला होतो आणि दर आठवड्याला गृहपाठाला मुदत असते. पण बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सगळ्यांत चांगले आठच गृहपाठ धरतात. घरी लग्न निघाले, मूल तापाने फणफणले, चार आठवडे बुडाले, तरी गाडी चुकत नाही. या गृहपाठांना २५ आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला ७५ गुण. प्रमाणपत्रासाठी दोन्हीकडे वेगवेगळी किमान मर्यादा गाठावी लागते, म्हणजे नुसती हिरवी खूण गोळा करून भागत नाही. एमकेसीएलने गावोगावी नेलेला एमएस-सीआयटी हा तर आपल्या घरचा नमुना. लाखो मराठी माणसांनी ‘संगणकावर शिकणे’ पहिल्यांदा तिथे अनुभवले, रोजच्या सत्राची प्रगती पडद्यावर आणि अडले तर शेजारी केंद्रावरचे ताई-दादा. त्या शेजारच्या खुर्चीचे मोल तेव्हा कोणाला फारसे जाणवले नाही.

मूडल लिहिणारे मार्टिन डुगिआमस ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात वाढले. जवळपास शाळा नव्हती. ‘स्कूल ऑफ द एअर’चे तास रेडिओवरून चालत आणि मुले आपल्या घरून त्याच रेडिओवर बाईंशी बोलत. म्हणजे दूरच्या मुलाला बाईंपर्यंत पोचता आले पाहिजे, हा अनुभव त्या माणसाच्या लहानपणातच होता. त्याच्या प्रणालीत, शिक्षक विद्यार्थ्याच्या रांगेतल्या रिकाम्या चौकटीवर टिचकी मारून ती स्वतः ‘पूर्ण’ करू शकतो, अशी सोय आहे. एखाद्याच मुलाला जादा संधी देण्याचीही सोय आहे. मागावरच्या कारागिराचा हात तो हाच. प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत अटी कशा लावायच्या यावर पाने भरलेली असतात, या टिचकीवर एखादी ओळ. पुन्हा ती एक ओळ, गंगाजी नाईकांसारखी.

आक्षेप येईलच, आणि तो खरा आहे. एका शिक्षकाकडे साठ मुले, त्यात जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी. थांबलेल्या प्रत्येक मुलाकडे तो कधी जाणार? याचे उत्तर कुलपे कमी करण्यातच आहे. चौदा तुकड्यांना चौदा अटी लावल्या तर रोज वीस मुले थांबतात. अट तिथेच हवी जिथे पुढचे खरोखर मागच्यावर उभे आहे. हातचा म्हणजे दशक सुटे करणे, हे न समजता तीन अंकी वजाबाकीत गेलेले मूल बुडते. तिथे दार हवे. पण वजाबाकीची गोष्ट ऐकल्याशिवाय वजाबाकीचा खेळ उघडणार नाही, ही अट कोणासाठी? ती मजकूर बनवणाऱ्याच्या मानासाठी असते. आपण एवढी मेहनत करून गोष्ट ध्वनिमुद्रित केली आणि मूल ती ऐकत नाही, हा राग आहे तो.

वक्त्याने आपला चौदा तुकड्यांचा अभ्यासक्रम पुन्हा बांधला आहे. बारा अटी काढल्या, दोन ठेवल्या: एक दशक सुटे करण्यापाशी, दुसरी शून्यातून हातचा घेण्यापाशी, कारण ५०३ मधून २७८ वजा करताना भल्याभल्यांची तारांबळ उडते. दोन्हीकडे डोळा उघडा आहे. दोन्हीकडे तीनदा चुकल्यावर मुलाला मराठीत एवढेच दिसते: ‘उद्या सरांना वही दाखव.’ आणि चौकटीत ४७ देवनागरीत लिहिले तरी चालते, इंग्रजीत लिहिले तरी चालते. हा अभ्यासक्रम दुपारच्या सत्रासाठी शेजारच्या खोलीत दहा मोबाइलवर उघडून ठेवला आहे. जेवणानंतर या मंडळींनी तो मुद्दाम चुकीची उत्तरे देऊन तपासावा आणि कुठे उगाच अडायला झाले ते दाराशी ठेवलेल्या वहीत लिहून ठेवावे. ती सहाव्या तुकड्यावरची मुलगी आता आठवीत आहे. काल संध्याकाळी तिने तो तपासून पाहिला आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे: ‘शून्याच्या चाचणीतला तिसरा प्रश्न मोबाइल आडवा केल्यावर दिसत नाही.’